ओले धान्य वर ठेवा

रोजा ही इबादत इतर इबादतींपेक्षा वेगळी आहे. नमाज पढणारा माणूस चार लोकांना दिसतो. हजला निघालेल्याला निरोप द्यायला सगळा मोहल्ला येतो. जकात देणाऱ्याची निदान घेणाऱ्याला तरी खबर असते. रोजा मात्र कोणालाच दिसत नाही. दुपारी वजूसाठी नळाखाली धरलेल्या ओंजळीतला एक घोट कोणी गिळला, तर शेजारी वजू करणाऱ्या सख्ख्या भावालाही ते कळणार नाही. कोकणातल्या दमट उन्हात घशाला कोरड पडलेली असते, पाणी ओठांपर्यंत आलेले असते, तरी तो घोट घेतला जात नाही. म्हणूनच रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला आहे, असे जाणकार सांगतात. त्याचा साक्षीदार बाहेर नसतो, आत असतो.

वर्षातून एक महिना ही सवय लावून घ्यायची, ती उरलेल्या अकरा महिन्यांसाठी. घरात, दुकानात, कचेरीत, ठेक्याच्या कामात जिथे कोणाची नजर पोहोचत नाही, तिथेही काम तेवढेच चोख व्हावे, हा तिचा हेतू आहे. इस्लाममध्ये याला अमानत म्हणतात. अमानत म्हणजे केवळ कोणी ठेवायला दिलेले दागिने नव्हेत. पद, अधिकार, सरकारी पैसा, लोकांनी टाकलेला विश्वास, हे सगळे अमानतच आहे.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. रमजानच्या बयानांतून तो अनेकदा सांगितला जातो. हजरत पैगंबर मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात होते. एका व्यापाऱ्यापुढे धान्याची रास होती. वरून दाणा कोरडा, स्वच्छ, नजरेत भरणारा. पैगंबरांनी राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. हे काय, असे त्यांनी विचारले. व्यापारी म्हणाला, पावसात भिजले. त्यावर पैगंबरांनी त्याला विचारले की मग भिजलेला भाग वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना तो दिसला असता. जो फसवणूक करतो तो आपल्यातला नव्हे, असेही त्यांनी बजावले.

या प्रसंगातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पाऊस पडला, हे व्यापाऱ्याचे म्हणणे पैगंबरांनी खोटे ठरवले नाही. धान्य भिजले हा त्याचा गुन्हा नव्हता. भिजलेले खाली आणि कोरडे वर ठेवले, हा गुन्हा होता.

या गोष्टीला चौदाशे वर्षे झाली. मालवणच्या किनाऱ्यावर ती अलीकडेच पुन्हा घडली. फरक एवढाच की इथे राशीत वेळेवर कोणाचा हात गेला नाही. रास आपणहून कोसळली आणि आतली ओल साऱ्या देशाला दिसली.

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचे पंतप्रधानांच्या हस्ते अनावरण झाले. समोर महाराजांनीच बांधून घेतलेला सिंधुदुर्ग, पायाशी समुद्र. मालवणकरांना त्या दिवशी झालेला आनंद खरा होता, आणि तो कोणा एका धर्माचा नव्हता. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे नऊ महिनेही पूर्ण झाले नसताना, भर दुपारी तो पुतळा कोसळला. चौथऱ्यावर पावले तेवढी राहिली.

उभा पुतळा पाहणाऱ्याला त्याचे बाहेरचे रूप दिसते. चेहरा, तलवार, अंगरख्याच्या चुण्या. पण ब्राँझचा एवढा मोठा पुतळा भरीव नसतो. बाहेरची ब्राँझची कातडी पातळ असते आणि तिला आतला धातूचा सांगाडा तोलून धरतो. वाऱ्याचा रेटा कातडीवर बसतो, तिथून तो सांगाड्यावर जातो, सांगाड्यातून पायांत उतरतो आणि शेवटी चौथऱ्यात रोवलेल्या बोल्टांवर येतो. सगळ्यात जास्त ताण घोट्यापाशी पडतो. तिथला जोड कच्चा असेल, तर वरचे शिल्प कितीही सुबक असले तरी त्याचा उपयोग नाही.

त्यातून जागा समुद्राकाठची. खाऱ्या वाऱ्याने लोखंडाचे काय होते, हे किनाऱ्यावर घर बांधणाऱ्या कोणालाही विचारावे. खिडकीचे गज फुगतात, स्लॅबमधली सळई फुगून सिमेंटचे पोपडे खाली पाडते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो जोड आतून उलवत जातो. लोखंड आणि ब्राँझ एकमेकांना चिकटून असतील आणि मध्ये खारट ओल असेल, तर लोखंड आणखी लवकर झिजते. हे ज्ञान नवीन नाही. जहाजे बांधणाऱ्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

पुतळा पडल्यावर पहिले स्पष्टीकरण आले ते वाऱ्याचे. ताशी ४५ किलोमीटर वेगाने वारे वाहत होते, असे सांगण्यात आले. वारे वाहत होते हे खरेच. बाजारातल्या त्या व्यापाऱ्याचा पाऊसही खराच होता. पण ऑगस्ट महिन्यात मालवणात वारा सुटणे ही काही अनपेक्षित गोष्ट नाही. त्या वाऱ्यात किनाऱ्यावरचे माड उभे राहिले. समोर साडेतीनशे वर्षांचा सिंधुदुर्ग उभा राहिला. पुढे नौदलाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पाच जणांच्या समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला. गंज, सांगाड्याची कमकुवत रचना आणि सदोष वेल्डिंग ही कारणे त्यातून पुढे आली. वाऱ्याने पुतळ्याला धक्का दिला असेल, पण आतली ओल आधीपासूनच होती.

ती कोणाच्याच ध्यानात आली नव्हती, असेही नाही. पुतळा पडण्याच्या सहा दिवस आधी, २० ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या अभियंत्याने नौदलाला पत्र लिहिले होते. पाऊस आणि खारे वारे यांमुळे पुतळ्याचे नटबोल्ट गंजत आहेत, कायमस्वरूपी उपाय करावा, असा त्याचा आशय होता. म्हणजे ज्याला पाहायचे होते त्याने पाहिले होते, आणि पाहिलेले लिहिलेही होते.

वाईट गोष्ट दिसली तर ती हाताने थांबवावी, तेवढी ताकद नसेल तर जिभेने विरोध करावा, तेही जमत नसेल तर मनात तरी तिला वाईट मानावे आणि हा शेवटचा ईमानचा सगळ्यात दुबळा दर्जा, अशी पैगंबरांची शिकवण आहे. मालवणच्या त्या पत्राला जिभेचा दर्जा द्यावा लागेल, आणि त्यासाठी लिहिणाऱ्याचे आभार मानायला हवेत. प्रश्न हातांचा आहे. पुतळा उभारण्याचे काम नौदलाने करून घेतले, पैसा राज्य सरकारचा, जागा मालवणची, काम ठेकेदाराचे. इतके हात असूनही गंजलेला बोल्ट बदलायला नेमका कोणाचा हात पुढे व्हायचा, हे ठरलेले नव्हते. पुतळ्याच्या आतला सांगाडा उघडा पडला तसा त्याच्यामागे उभा असलेला हा दुसरा सांगाडाही उघडा पडला. एकाने बांधायचे, दुसऱ्याने पैसे द्यायचे, तिसऱ्याने सांभाळायचे आणि बिघडले की प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचे. लोखंडाच्या गंजापेक्षा हा गंज जुना आहे.

उघडे पडल्यावर पुढे काय होते, हेही मालवणने पाहिले. दोनच दिवसांत राजकोटवर दोन राजकीय गट एकमेकांना भिडले. जिथे लोकांनी मान खाली घालून उभे राहावे, तिथे घोषणा आणि धक्काबुक्की झाली. शिल्पकार आणि रचनेचे सल्लागार यांच्यावर गुन्हा दाखल झाला, दोघांना अटक झाली. त्यांचा दोष किती, हे न्यायालय ठरवील. ३० ऑगस्टला पालघरच्या सभेत पंतप्रधानांनी माफी मागितली. राज्याच्या नेत्यांनीही मागितली. माफी मागायला मोठे मन लागते, तिची किंमत कमी लेखू नये. पण तौबा आणि माफी यांत फरक आहे. तौबेच्या तीन अटी सांगितल्या जातात. चूक तिथल्या तिथे सोडणे, तिचा पश्चात्ताप होणे आणि ती पुन्हा न करण्याचा पक्का इरादा करणे. दुसऱ्याचा हक्क बुडाला असेल, तर तो परत करणे ही चौथी अट. नुसत्या शब्दांनी या अटी पुऱ्या होत नाहीत.

त्यानंतर राजकोटवर नवा पुतळा उभा राहिला. ज्येष्ठ शिल्पकार राम सुतार यांच्या संस्थेने तो घडवला आणि ११ मे २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. तो आधीच्यापेक्षा पुष्कळ उंच आहे. त्याची देखभाल दहा वर्षे उभारणाऱ्यांकडेच राहील, असे जाहीर झाले. ही चांगली सुधारणा आहे, कारण एक हात तरी आता ठरला. तरीही पुढच्याच महिन्यात, पहिल्या पावसात, चौथऱ्यालगतची जमीन खचल्याची बातमी आली आणि लोकांच्या पोटात गोळा आला. पुतळ्याला धोका नाही, असे सांगण्यात आले. ते खरेही असेल. पण एकदा हात ओला झालेला माणूस रास पुन्हा चाचपून बघणारच. त्याचा राग धरू नये. त्याला आतले दाखवावे.

इथे कोणी विचारील की इस्लाम तर दुसऱ्याचे दोष झाकायला सांगतो, लोकांच्या मागावर राहू नका असे कुरआनच बजावते, मग हे उघडे पाडणे कसे बसते? शंका योग्य आहे. कोणाच्या घरात काय शिजते, कोणी रोजा ठेवला नाही, कोणाचा पाय कधी घसरला, हे चव्हाट्यावर मांडणे गुनाह आहे. ज्या चुकीचे नुकसान करणाऱ्यालाच सोसायचे असते, तिच्यावर पांघरूण घालावे. पण बाजारातली रास ही कोणाची खासगी गोष्ट नव्हती. तिचे धान्य अनोळखी माणसाच्या घरात शिजणार होते. म्हणून जे पैगंबर लोकांच्या दोषांवर पांघरूण घालायला सांगत, त्यांनीच तिथे भर बाजारात हात घातला. पूल, शाळेची इमारत, एसटीचे ब्रेक, रुग्णालयातली औषधे, पुतळ्याचा सांगाडा ही सगळी बाजारातली रास आहे. या ठिकाणी दोष झाकणे हा चांगुलपणा नव्हे.

दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. लपलेले सगळेच कुजके नसते. कोणत्याही बांधकामाचा पाया लपलेलाच असतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या कामाला सुरुवात झाली. त्याच्या पायात शिसे ओतले, असे मालवणात आजही सांगतात. ते शिसे कोणाला दिसत नाही. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या तटाकडे लोक पाहतात, पण तट उभा आहे तो न दिसणाऱ्या भागाच्या जोरावर. याच जिल्ह्यात विजयदुर्गाजवळ समुद्राच्या पाण्याखाली सव्वाशे मीटरच्या आसपास लांबीची दगडी भिंत असल्याची नोंद सागरी संशोधकांनी केली आहे. शत्रूची गलबते तिच्यावर आपटून फुटत, असे परंपरा सांगते. ज्यांनी ते दगड पाण्यात रचले, त्यांना माहीत होते की आपले काम कोणीही पाहणार नाही. तरी त्यांनी दगड नीट बसवले.

ज्या राजाने सिंधुदुर्ग उभारला, त्याच्या आरमारात दौलतखानासारखा सरदार होता. किनाऱ्यावरचे भंडारी, गाबीत, कोळी आणि मुसलमान खलाशी त्याच आरमारात होते. समुद्रावर कोणी कोणाचा धर्म विचारून वल्हे धरत नाही. जहाजाच्या तळाची एक फळी सैल असेल, तर बुडताना सगळेच बुडतात. म्हणून महाराजांचा पुतळा पडला तेव्हा ते दुःख सगळ्या जिल्ह्याचे होते, आणि तो का पडला हे विचारण्याचा हक्कही सगळ्या जिल्ह्याचा आहे.

मग करायचे काय? उत्तर त्या बाजारातच मिळाले आहे. ओले धान्य वर ठेवा. राजकोटवर महाराजांचे दर्शन घेणाऱ्याला तिथेच एका फलकावर वाचता आले पाहिजे की आतल्या सांगाड्याची तपासणी शेवटची कधी झाली, कोणी केली, काय आढळले आणि काय दुरुस्त झाले. गंज आढळला तर गंज आढळला असे लिहावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. समुद्राकाठी लोखंड गंजणारच. तपासणी झालीच नाही, किंवा झाली आणि फाइलमध्ये पडून राहिली, यात लाज आहे. हाच नियम जिल्ह्यातल्या प्रत्येक पुलाला, साकवाला आणि शाळेच्या छपराला लावता येईल. माहितीचा अधिकार २००५ पासून लागू आहे. नागरिकाने अर्ज करायचा, मग कागद शोधायचा, मग द्यायचा, ही त्यातली वाट. पण अर्ज येण्याची वाट न पाहता आपणहून माहिती जाहीर करावी, हेही त्याच कायद्यात सांगितले आहे. तो भाग सगळ्यांत कमी पाळला जातो.

आणि जो पत्र लिहितो, त्याला जपायला हवे. कचेरीत धोक्याची सूचना देणारा माणूस अनेकदा कटकट्या ठरतो. पुढच्या वेळी तो लिहायचे थांबवतो. मग राशीत हात घालणारा कोणी उरत नाही आणि ती कोसळेपर्यंत सगळे वरच्या कोरड्या दाण्याचे कौतुक करत राहतात.

हे बोट फक्त सरकारकडे दाखवून भागणार नाही. रमजानमध्ये मशिदींच्या, मदरशांच्या पेट्यांत लोक सढळ हाताने टाकतात. जकात, फितरा, सदका गोळा होतो. त्यात मोलमजुरी करणाऱ्या बाईने पदराच्या गाठीतून काढलेली नोटही असते. तिचा हिशेब किती जमातींमध्ये दरवर्षी जुम्याच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचून दाखवला जातो? वक्फच्या जमिनीचे भाडे किती येते आणि ते कुठे जाते, हे किती तरुणांना ठाऊक असते? मशिदीचे घुमट रंगवायला वर्गणी चटकन जमते. गळक्या पन्हाळीचा, वाळवी लागलेल्या वाशाचा विषय निघाला की सभा लांबणीवर पडते. जो समाज दुसऱ्याच्या राशीत हात घालू पाहतो, त्याने आधी आपल्या राशीत घालावा. देवस्थानांच्या, पतसंस्थांच्या, सहकारी सोसायट्यांच्या पंचांनीही हा प्रश्न स्वतःला विचारून पाहायला हरकत नाही.

कोकण किनाऱ्याला हे शिकवायला बाहेरून कोणी यायची गरज नाही. दरवर्षी १ जूनला मासेमारी बंद होते आणि होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. वर्षभर पाण्याखाली असलेला तळ तेव्हा उघडा पडतो. गाबीत असो की दालदी, होडीचा मालक तिच्याखाली वाकून प्रत्येक फळी बोटांनी चाचपतो. कुठे किड्याने खाल्ले आहे, कुठे सांधा सुटला आहे, कुठे खिळा गंजला आहे, हे बघतो. खराब फळी काढतो, नवी बसवतो, सांधे भरतो, तेल पाजतो. शेजारच्याला आपल्या होडीची कुजकी फळी दिसेल म्हणून कोणी ती लपवत नाही. उलट शेजारीच येऊन हात लावून बघतो आणि इथेही जरा ठोकून बघ, असे सांगतो. नारळी पौर्णिमेनंतर त्याच होडीत बसून खोल समुद्रात जायचे असते, हे दोघांनाही माहीत असते.

रमजान हा माणसाने स्वतःची होडी किनाऱ्यावर ओढण्याचा महिना आहे. अकरा महिने जे पाण्याखाली होते, ते या महिन्यात वर येते. चिडचिड, लोभ, मोडलेली वचने, बुडवलेले देणे, सगळे दिसते. दिसले म्हणून होडी वाईट ठरत नाही. दिसूनही जो वरून रंग देतो, त्याची होडी बुडते. ईदच्या नमाजेला जाण्याआधी फितरा द्यायचा असतो, म्हणजे गरिबाचा हक्क आधी आणि आपले नवे कपडे नंतर. सरकार असो, जमात असो की एकटा माणूस, आतले आधी आणि वरचे नंतर, हा क्रम सगळ्यांना सारखाच लागू आहे.

यंदाच्या इफ्तारच्या वेळी दुआसाठी हात उठतील, तेव्हा त्यात एक दुआ मालवणच्या या किनाऱ्यासाठीही असावी. इथे उभे राहील ते आतूनही तेवढेच मजबूत असावे आणि जिथे ओल लागली असेल तिथे ती वर ठेवण्याची हिंमत सर्वांना मिळावी. आमीन.